ओल्या हवेचा अहवाल

ठाण्याला खाडीच्या बाजूला, कोलशेतकडे, आमची कापडाची गिरणी होती. माझा थोरला भाऊ तिथे माग चालवायचा, मी ऑफिसात कारकून. त्याच मालकाची दुसरी गिरणी सोलापूरकडे होती. दर शनिवारी दोन्हीकडे किती कापड निघालं ते फळ्यावर लागायचं, आणि दर शनिवारी ठाणं पुढे. फळा मीच लिहायचो, आमचा आकडा मुद्दाम ठळक काढायचो. देशावरची माणसं सुस्त, असं आम्ही छातीठोकपणे सांगायचो. दादा सगळ्यांत मोठ्याने.

एकदा मालकसाहेबांनी मला तिकडे पाठवलं. म्हणाले, "ते मागे का, हे बघून खरं लिहा. त्यांना सुधारायचंय. इथल्या एकाही मागाला धक्का लागणार नाही, माझा शब्द."

पंधरा दिवस राहिलो आणि माझी चांगलीच जिरली. तिथल्या विणकरांचा हात दादापेक्षा चपळ होता. पण हवा कोरडी ठणठणीत. सूत सारखं तुटायचं आणि निम्मा दिवस धागे जोडण्यात जायचा. बिचारे मागांखाली ओली गोणपाटं पसरून ठेवायचे. आम्हाला खाडी फुकटात ओल देत होती आणि आम्ही मिशांना पीळ देत होतो! मी तसंच लिहिलं, की हवेत ओल द्या, ही माणसं ठाण्याच्या पुढे जातील. खरं लिहिल्याचा अभिमानसुद्धा वाटला. मूर्ख होतो.

वर्षभरात तिकडे पाणी फवारणारी यंत्रं बसली. पगार तिकडे कमी होतेच. एका सकाळी आमचे निम्मे माग खोलायला घेतले, त्यात दादाचाही. साहेबांनी सगळ्यांसमोर माझा अहवाल वाचून दाखवला. "तुमच्याच माणसाने लिहिलंय," म्हणाले.

मी ओरडलो, "साहेब, तुम्ही शब्द दिला होता!"

"मी खरं लिहा म्हटलं होतं. तुम्ही लिहिलंत."

माग ट्रकांत चढले आणि शीळफाट्याच्या रस्त्याने गेले. त्या माणसाने केसाने गळा कापला, तोही माझ्याच अक्षरात. इतकी वर्षं झाली, आठवलं की अजून डोकं तडकतं.

दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पाळीच्या वेळेला, सवयीने आंघोळ-बिंघोळ उरकून, पायरीवर बसला.

"ती माणसं खरंच माझ्यापेक्षा चपळ आहेत काय रे?"

खोटं बोलायला माझं काय जात होतं? तरी मी 'हो'च म्हणालो.