घरच्या भाषेतली समजूत

आमच्या कॉलेजात भेदभावाची तक्रार आली की समिती आधी विचारते, मुलगा कुठला? भिलाईत स्टील प्लांटच्या नोकरीसाठी सगळ्या देशातून माणसं आली, त्यामुळे प्रत्येक भाषेचा एखादा प्राध्यापक मिळतोच. तेलुगू मुलाकडे तेलुगू सर जातात, छत्तीसगढी मुलीकडे छत्तीसगढी मॅडम. घरच्या भाषेत चार शब्द झाले की तक्रार मागे घेतली जाते आणि 'गैरसमज दूर झाला' असं आम्ही लिहितो. मराठी मुलं माझ्या वाट्याला येतात. कित्येक वर्षं मी याला चांगुलपणा समजत आलो.

गेल्या सत्रात दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीची तक्रार आली. घर नागपूरकडचं, वडील रेल्वेत, दुर्ग लाइनवर ट्रॅकमन. प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत सरांनी तिला विचारलं होतं, "पूरा नाम बोलो. सरनेम घर छोड़ आई?" तिनं आडनाव सांगितलं. "अच्छा, कोटे वाली," म्हणून त्यांनी एकही प्रश्न न विचारता तिला नापास करून परत पाठवलं. मागची मुलं हसली.

"आपके तरफ़ की है, आप समझा दीजिए," अध्यक्ष मला म्हणाले.

ते सर हुडको कॉलनीत माझ्याच गल्लीत राहतात. रोज मी त्यांच्या गाडीतून कॉलेजला जातो. समितीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणाला खटकलं नाही. मलाही नाही.

मी तिला बोलावलं, चहा मागवला.

"कावून एवढं मनाले लावून घेतलं, पोरी? त्यांची बोलायची रीतच तशी हाय. मले बी बोलतेत."

"तुमाले पूरं नाव विचारतेत का, सर?"

मी चहाचा कप तिच्याकडे सरकवला.

"मी सगळं वाचून गेली होती," ती म्हणाली. "मले एक प्रश्न तरी विचाराले पायजे होता. विचारून नापास केलं असतं तं मी काईच बोलली नसती."

मग मी तेच केलं, जे आम्ही नेहमी करतो. तिच्या वडिलांना फोन केला. ते ड्युटीवरून थेट आले, नारिंगी जाकीट घडी करून पिशवीत घातलेलं, आणि खुर्चीच्या टोकावर बसले. मी त्यांना हळू आवाजात सांगितलं की अजून बरंच शिक्षण बाकी आहे, प्रॅक्टिकलचे मार्क सरांच्या हातात असतात. ती धमकी होती. मामानं सांगावं तशी मी ती सांगितली, एवढंच.

"तुमी आपले हा, साहेब. आमाले भांडण नाई पायजे," ते म्हणाले, आणि मुलीकडे वळले. "घे ना वापस, माय."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं आणि हिंदीत बोलली, "सर, जो कहना है, मीटिंग में कहूँगी. आप भी वहाँ हिंदी में बोलिएगा. सबको समझ में आना चाहिए."

मीटिंगमध्ये ती बोलली. मी कुठल्याच भाषेत बोललो नाही. सरांऐवजी एका मॅडमनी तिची परीक्षा पुन्हा घ्यावी असं ठरलं. ती घेतली गेली, ती पास झाली. सरांविरुद्ध एक ओळही लिहिली गेली नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत ते म्हणाले, "आपसे एक बच्ची नहीं सँभली," आणि मी हसलो. अजूनही त्याच गाडीतून जातो. उतरून रिक्षा करावी असं रोज वाटतं, आणि रोज मी पट्टा लावून बसतो.

परवा दुर्ग स्टेशनवर ते बापलेक भेटले. तिच्या वडिलांनी माझे दोन्ही हात धरले.

"तुमी होते म्हनून झालं, साहेब. कॉलेजात आपला मानूस पायजेच."

मुलगी बाजूला उभी होती. मी म्हणालो, "मी काही केलं नाही हो."

त्यांना तो माझा मोठेपणा वाटला. ते आणखीच वाकले.

"खरं बोलून राहिले ते, बाबा," ती म्हणाली, आणि त्यांच्या हातातली पिशवी घेऊन पुढे निघाली.