भाचीच्या फेलोशिपवर माझी स्वारी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हा किस्सा मी एकदाच सांगणार आहे. तीस वर्षं सुरतेत, एका गुजराती दैनिकात, बातमीदारी केली. महापालिकेपासून मिलमालकांपर्यंत सगळ्यांच्या चुका छापल्या. आणि स्वतः केली ती चूक अशी, की छापली असती तर पहिल्या पानावर गेली असती. चौकटीत!

माझी बहीण सुमन सुरतेतच, लिंबायतला राहते. तिची मुलगी तेजल, एमएस्सी केमिस्ट्री, वर्गात पहिली. तिला दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. एक इंग्लंडहून, वर्षभराच्या मास्टर्ससाठी. नाव मोठं, फोटोत इमारत किल्ल्यासारखी, पण मदत शून्य. घर गहाण टाकूनच जावं लागणार. दुसरं इथलंच, सुरतेतलं. कापड रंगवून उरलेलं पाणी स्वच्छ कसं करायचं, यावर पीएचडी. फी माफ, वर पाच वर्षं दरमहा फेलोशिप. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

गुरुवारी मला बोलावणं. मामा शिकलेला ना! दाजी नुकतेच लूमवरून आले होते, अजून केसांत धाग्यांचा कापूस होता.

"पत्रकारसाहेब, माले यामातलं काहीच समजत नही. तुम्हीच सांगा."

मी तेजलच्या फोनवर सुरतेचं पत्र उघडलं. पहिलाच परिच्छेद वाचला आणि माझं डोकं तापलं. फेलोशिपला नाव कोणाचं? शेठच्या मिलचं!

कोणता शेठ? नाव घेणार नाही. त्याच्या वकिलाची नोटीस अजून माझ्या कपाटात आहे. काही वर्षांपूर्वी मी त्याच्या मिलवर बातमी केली होती. रंगाचं पाणी तो थेट खाडीत सोडायचा. आज कोणत्या रंगाच्या साड्या निघाल्या, हे खाडीकाठची पोरं पाणी बघून सांगायची! बातमी छापून आली आणि लगेच नोटीस: माफी छापा. मी म्हटलं, मेलो तरी नाही. संपादक घाबरले, त्यांनी मला तिथून उचलून महापालिकेच्या सभांना बसवलं. मग मीही फुगून बसलो. त्या मिलबद्दल पुन्हा एक ओळ लिहिली नाही आणि वाचलीही नाही. पण माफी? तीस वर्षांत एकही माफीनामा नाही! हे मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोकांना सांगतो.

"नाही म्हणून कळव!" मी फोन आपटणारच होतो, पण फोन तिचा होता.

"मामा, अजून दोन पानं आहेत. पुढचं वाचा ना."

"मला वाचायला शिकवतेस? अगं, महत्त्वाचं सगळं पहिल्या परिच्छेदात असतं. आमच्याकडे जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. खाली कोणी कामाचं लिहीत नसतं!"

"ही बातमी नाहीये, पत्र आहे."

"खाडी रंगवणाऱ्याच्या पैशावर शिकणार तू? त्यापेक्षा इंग्लंडला जा!"

"आणि वर्षाने परत येऊन काय करू? घर बँकेकडे आणि मी नोकरीच्या शोधात! इथे पाच वर्षं पोटापुरतं मिळेल. पुढे इथल्या सचिन गावापासून पलसाण्यापर्यंत कापड रंगवणाऱ्या एकेका कारखान्याला या कामाची माणसं लागणार आहेत. मी हो म्हणणार."

"तू नाही म्हणणार!"

"मी हो म्हणणार, आणि तुम्ही आधी पूर्ण वाचणार!"

स्वयंपाकघरातून सुमन ओरडली, "हाई पोर तुनावरच जायेल शे, भाऊ!"

पोर म्हणे माझ्यावरच गेलीय! आता सांगा, असं ऐकल्यावर गप्प बसणारा माणूस मी आहे का? शुक्रवारी सकाळी जुन्या बातमीचं पिवळं पडलेलं कात्रण खिशात घातलं, स्कूटर काढली आणि थेट त्या संस्थेत जाऊन थडकलो. विभागाच्या दारात शिपाई होता. त्याने आदराने खुर्ची दिली, पाण्याचा ग्लास ठेवला.

"कसलं काम, साहेब?"

"शेठच्या मिलच्या फेलोशिपचं!"

त्याने माझ्याकडे एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं, आणि ग्लास उचलून घेऊन गेला.

तिथेच मला कळायला हवं होतं. पण नाही!

विभागप्रमुख डॉ. देसाई मॅडम. बारीक अंगाच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. आमचं सगळं बोलणं गुजरातीत झालं. तुम्हाला मराठीत सांगतोय, पण त्यातला ठसका येणार नाही.

"ही फेलोशिप बंद करा," मी बसायच्या आधीच सुरुवात केली.

"मला वाटलंच, हेच म्हणणार."

"आणि ते मिलचं नाव काढा आधी!"

"हेही वाटलंच. दरवर्षी कोणीतरी येऊन हेच म्हणतं. तमने शरम नथी आवती?"

शरम? मला? मी टेबलावर हात आपटला. त्यांनी माझ्यापेक्षा जोरात आपटला! मंत्र्यांशी भांडलोय मी, पण उलट टेबल आपटणारं माणूस पहिल्यांदाच भेटत होतं.

"शरम त्या शेठला यायला पाहिजे!"

"मग जा, सांगा की तुमच्या शेठला!"

"माझ्या शेठला?"

"नाहीतर काय माझ्या? कोर्टाने स्पष्ट सांगितलंय. खाडी घाण केली, तर पाणी स्वच्छ करायच्या संशोधनाचा खर्च मिलनेच द्यायचा. आणि फेलोशिपला नाव मिलचंच राहणार, म्हणजे लोक विसरणार नाहीत. ही शिक्षा आहे, शिक्षा! म्हणून तर ते नाव काढायला शेठ दरवर्षी माणूस पाठवतो. पत्राच्या तिसऱ्या पानावर सगळं लिहिलेलं असतं. वाचता येत नाही?"

तिसऱ्या पानावर. अगदी खाली!

म्हणजे बघा. ज्या शेठने माझ्याविरुद्ध वकील लावला, त्याचीच मागणी मी शब्द न बदलता, फुकट, आणि त्याच्या माणसांपेक्षा मोठ्या आवाजात करत होतो.

मॅडमनी भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट केलं. "त्या बातमीवरून खटला उभा राहिला. असे असतात बातमीदार! तुमच्यासारख्यांना घाम फोडणारे."

मी बघितलं. मथळा माझा. साड्यांच्या रंगाचं वाक्यही माझंच. छाती अशी फुगली म्हणता!

"मॅडम, ती बातमी माझी आहे."

"अच्छा? नाव कुठाय?"

नाव! संपादकांनी भीतीपोटी नाव छापलंच नव्हतं. नुसतं 'आमच्या प्रतिनिधीकडून'. मी घाईघाईने खिशातलं कात्रण काढून दाखवलं. त्यावर तरी नाव कुठून येणार?

"असं कात्रण तुमच्या वकिलाकडेही असेलच," मॅडम म्हणाल्या.

एवढ्यात दार उघडलं. होकाराचा फॉर्म घेऊन तेजल आत आली.

"मामा! तुम्ही इथे?"

मॅडमनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे तुझे मामा? शेठचे कोणी नाहीत?"

"माझेच आहेत," तेजल म्हणाली. गुन्हा कबूल करावा तसं.

मॅडमचा आवाज एकदम खाली आला. ओरडत होत्या तेव्हा बऱ्या होत्या.

"तेजल, एका मुलीला घरच्यांनी मधूनच काढून नेलं. दोन वर्षांचं काम वाया गेलं आमचं. तुझ्या घरचा माणूस इथे येऊन फेलोशिप बंद करा म्हणतो. यादीत पुढचा विद्यार्थी थांबलाय. मी काय समजू?"

तेजलने फॉर्म टेबलावर ठेवला आणि त्यावर पंजा दाबून धरला.

"मॅडम, मी भांडून आलेय. हे काम मी सोडणार नाही. मामा रोज इथे येऊन ओरडले तरी!"

"तू नाही सोडणार गं. पण यांचं काय?" मॅडमनी माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. "लेखी द्या. माझी चूक झाली, माझा विरोध नाही. नाहीतर फॉर्म परत."

चूक! लेखी! मी!

"मी कधीही..." अशी जोरदार सुरुवात केली. मग फॉर्मवरचा तेजलचा हात दिसला. मॅडम फॉर्म परत सरकवू बघत होत्या, आणि पोर पंजा उचलत नव्हती.

पेन घेतलं.

दोन्ही बाजू भरून लिहिलं. पहिल्या परिच्छेदात चूक, माफी, विरोध नाही. आणि मग माझं खरं म्हणणं! शेठची मिल, संपादकांचा पळपुटेपणा, माझी तीस वर्षं, आणि फेलोशिपवरचं मिलचं नाव दुप्पट मोठ्या अक्षरांत छापावं ही मागणी. असं कडक लिखाण गेल्या कित्येक वर्षांत माझ्या हातून झालं नव्हतं.

मॅडमनी पहिला परिच्छेद वाचला. "बस. याच्या खाली सही करा. पूर्ण नाव लिहा."

"अहो, पण महत्त्वाचं सगळं खाली आहे!"

"खालचं लागत नाही," त्या म्हणाल्या, आणि सहीखाली स्टीलची पट्टी धरून बाकीचा कागद सर्रकन फाडला.

तेजल खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतेय. छे! हसत होती!

फॉर्म घेतला गेला. आता तेजल तिथे रंगाच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन बसते आणि घरी आली की दाजींना त्यातलं समजावून सांगते. मी मात्र तिथे पाय ठेवणार नव्हतो. पण गेल्या महिन्यात सुमनने जबरदस्तीने डबा घेऊन पाठवलं.

भिंतीवर माझी बातमी होती. बिननावाची. आणि शेजारी नवी फ्रेम. तिच्यात माझा माफीनामा! नाव, वडिलांचं नाव, आडनाव, ठळक सही. नवीन विद्यार्थ्यांना पत्र शेवटपर्यंत वाचायची सवय लागावी, म्हणून लावलाय म्हणे. तीस वर्षांच्या नोकरीत त्या शेठच्या बाबतीत माझं नाव झळकलं, ते इथे!

मी तडक मॅडमच्या खोलीत गेलो आणि टेबलावर हात आपटला.

"ते नाव काढा आधी!"

मॅडमनी मान वर केली नाही. "दरवर्षी कोणीतरी येऊन हेच म्हणतं."