जास्तीची झाकणं

इस्रायलमधल्या किर्यात गातच्या एका कारखान्यात मी उत्पादनाचं नियोजन बघायची. आम्ही बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनवून एका मोठ्या कंपनीला पुरवत होतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्या कंपनीनं ठरवलं, की आपल्या पुरवठादारांना नियोजन कितपत जमतं ते तपासून गुण द्यायचे. कमी गुण मिळाले तर काम दुसरीकडे जाणार आणि आमची संध्याकाळची पाळी बंद होणार. त्या पाळीत माझी आई मशीनवर होती.

तेल अविवहून तपासणीला बाई आल्या. त्यांनी चहासुद्धा नको म्हटलं. माझ्या योजनेतला आकडा बघून त्या गोदामात गेल्या. तिथं पांढऱ्या झाकणांची खोकी छताला टेकली होती! बाई येणार हे कळल्यावर आईनं पाळीतल्या सगळ्याजणींना कामाला लावलं होतं. जेवणाची सुट्टीही न घेता त्यांनी ढीगभर माल काढून ठेवला. त्यात झाकणं ओतायचे प्लास्टिकचे दाणे संपले आणि सकाळच्या पाळीची निळी झाकणं अडकली. बाईंच्या लेखी ठरल्यापेक्षा जास्त करणं ही कमी करण्याइतकीच चूक होती. आम्ही सपशेल नापास झालो.

घरी मी आईवर उखडले. राग आला की मी हिब्रूत भांडते. महाराष्ट्रातून इथं येऊन इतकी वर्षं झाली, तरी ती आपली मराठीतच.

"अगो, पाव्हणी येणार म्हटल्यावर कोण मोजून भात टाकतं?" ती म्हणाली. "कमी केलं असतं तर बोलायचं. जास्ती केलं त्याचीपण पनिशमेंट?"

मी तिला पडून राहणारा साठा, संपलेले दाणे, खोळंबलेली ऑर्डर, सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि मी नको म्हणत असताना ताटात आणखी एक चपाती वाढली. एरवी मी हसले असते.

काम गेलं. पाळीच्या शेवटच्या संध्याकाळी मी खाली उतरले. बाकीच्या मशीन चालू होत्या, आईची बंद. ती हात मांडीवर ठेवून बसली होती. पाळी सुटायला अजून अवकाश होता. कामाच्या वेळेत तिला रिकामी बसलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

"तू लिवलीस तेवढीच केली," ती म्हणाली. "एक जास्ती नाय. आता बरोबर ना गो?"

मला रडू आवरेना.