दिव्याखाली घट्ट झालेला थर

धाकटी बहीण चाकणच्या कंपनीत शिफ्टला जायची आणि सुट्टीच्या दिवशी रहाटणीच्या आमच्या घरी शेजारणींची नखं जेल पॉलिशने रंगवायची. शेवटच्या रविवारी तिने लाल जेल लावायला माझा हात धरला.

"ताई, पुस्तकाचं पान उलटताना तरी बोटं बरी दिसू देत. आणि हलू नकोस. ओलं जेल कातडीला लागलं तर बाधतं. दिव्याखाली त्याचे कण एकमेकांना धरून बसतात. मग ते कुणाचं काही करत नाही."

"आणि निघतं कसं?"

"मी काढीन की."

त्याच आठवड्यात शिफ्टवरून परतताना ती अपघातात गेली.

सुतकात नखं कापत नाहीत, मीही कापली नाहीत. दहाव्यानंतर आत्या म्हणाली, "आता ते लाल काढ गं." मी काढलं नाही. तिच्या हातचं माझ्याजवळ तेवढंच उरलं होतं. पण खालून नख वाढत होतं. रंग तसाच चकचकीत, मुळाशी फिकट फट रुंदावत चाललेली. कुणीतरी तो थर हळूहळू माझ्यापासून ओढून नेत असावं, तशी.

एका दुपारी तिच्या टेबलावरचा नखं वाळवायचा दिवा आपोआप लागला. जांभळा उजेड. घरात मी एकटीच. आत हात गेला की लागणारा दिवा तो. आता पडद्याचं टोक आत गेलं होतं, ते मला दिसत होतं. तरी मी जाऊन बसले. तिची बाटली उघडली, फट भरली आणि हात दिव्यात ठेवला. जेल कातडीवरही आलं होतं. थर जाड होता, आत ओलाच राहिला असणार. पुढे फट दिसली की मी पुन्हा भरायचे.

मग बोटांची टोकं सुजली, खाजू लागली, कातडी फुटली. त्वचेच्या डॉक्टर म्हणाल्या, "ही जेलची अ‍ॅलर्जी आहे. हे काढा, आणि पुन्हा कधीच लावू नका. शरीराने एकदा ओळखलं की ते विसरत नाही. दातात काही भरायची वेळ आली तरी आधी सांगा, त्यातही असलंच काही असू शकतं."

अ‍ॅसिटोनचा कापूस फार चरचरला. लाल पापुद्रे सुटले. ते कागदात घेऊन मी बसून राहिले. चहा गार झाल्याचं आत्याने दोनदा सांगितलं, तेव्हा उठून टाकले.

दिव्याचा प्लग आता काढून ठेवला आहे. परवा पडदा पुन्हा आत गेला. दिवा लागला नाही. माझी बोटं मात्र खाजली.