मामांचं बोलकं बनियन

स्वतःच्या मरणाची इतकी जय्यत तयारी करून इतकी वर्षं ठणठणीत जगलेला दुसरा माणूस उभ्या रत्नागिरी जिल्ह्यात सापडायचा नाही. हे माझ्या बायकोचे मामा. बोटीच्या इंजिनरूममध्ये तेलपाणी करण्यात आयुष्य घालवून ते जयगडला घरी येऊन बसले, आणि त्या दिवसापासून आपण आता जाणार असं भेटेल त्याला सांगू लागले. हिरवी केळी ते कधी विकत घेत नसत. ती पिकेपर्यंत आपण असू याची हमी कोण देणार? दर वर्षी रत्नागिरीला येऊन स्टुडिओत फोटो काढून घेत, पुढे हार घालायला बरा असावा म्हणून, आणि दर वर्षी तो नापसंत करत. "ह्यात फारच धडधाकट दिसतोय ओ. लोकांना वाईट कसं वाटणार?" मागच्या पडवीत स्वतःसाठी आंब्याची लाकडं रचून ठेवलेली असत. पावसाळ्यात सुकं जळण संपलं की मामी त्यातलीच चार ओढून न्हाणीच्या चुलीत सारायच्या. मामा ते कढत पाणी अंगावर घेत, "माझ्याच लाकडांवर मला आंघोळ घालतेय ही," म्हणून कुरकुरायचे आणि उन्हाळा आला की पुन्हा नवी रास रचायचे.

मग एका आषाढात मामीच गेल्या, साध्या तापाचं निमित्त होऊन. बाहेर संततधार, गावात सुकं लाकूड मिळेना. मामांनी पडवीचं दार उघडून दिलं. त्यानंतर ती पडवी रिकामीच राहिली आणि मामांनी आपल्या मरणाविषयी बोलणंही सोडून दिलं. तेव्हा कुठे आम्हाला त्यांची काळजी वाटू लागली.

ती खरी ठरली. एका सकाळी जेटीवर मासळी बघता बघता मामा खाली बसले, आणि त्यांना उठता येईना. गाववाल्यांनी गाडीत घालून रत्नागिरीला आणलं. हृदयाचे ठोके मधूनच चुकतात, लक्ष ठेवावं लागेल, दगदग आणि चढण बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांची एकुलती लेक पुण्याला नोकरी करते. मामा तिला बाय म्हणत, म्हणून आम्हीही बायच म्हणतो. तिने पुण्याला चला म्हणून खूप विनवलं. मामांनी मान हलवली, ती नकाराचीच. मग पुढच्या खेपेला ती एक बनियन घेऊन आली. दिसायला साधं राखाडी, पण आतून अंगाला चिकटणाऱ्या पट्ट्या आणि छातीवर काडेपेटीएवढी डबी. ठोके, श्वास, अंगाचा ताप, सगळं ती डबी बिनतारी पाठवायची. मामांच्या मोबाइलवरून ते थेट बायच्या मोबाइलवर दिसायचं, आणि काही गडबड झाली तर तिचा आणि माझा, दोघांचे मोबाइल कोकलायचे. जवळचा माणूस म्हणून तिने माझं नाव घातलं होतं. जवळचा म्हणजे दीड तासावरचा, रत्नागिरीतला.

मामांनी ते बनियन अंगात घातलं खरं, पण त्याला बोलणंही ऐकू जातं अशी त्यांची ठाम समजूत झाली. तसं नाही हे मी परोपरीने सांगितलं. ते हसून म्हणाले, "तुम्हांला सांगतील काय ते?" जन्मभर बोटीवर कमावलेल्या शिव्या त्यांनी एका दिवसात टाकल्या. बायच्या नवऱ्याविषयी काही बोलायचं झालं की आधी तळहाताने डबी झाकून घ्यायचे. दुसरीकडे एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सदऱ्याची बटणं काढून दाखवायचे, "पुण्याला लेक बघत बसलीय." त्या माणसाने डबीकडे बघून नमस्कार केला, की मामा दिवसभर खूश.

पहिल्यांदा माझा मोबाइल कोकलला तेव्हा मी ऑफिसात होतो. तसाच उठलो आणि गणपतीपुळ्यावरून स्कूटर हाणत जयगड गाठलं. मामा घरी नव्हते. किल्ल्याकडे चढणाऱ्या वाटेवर, एका दगडी गडग्यावर बसून, मोबाइल कानाला लावून ते अजून लेकीशीच बोलत होते. सदरा घामाने भिजून वाळत आला होता आणि चेहरा असा उजळला होता की मी दुरूनच थबकलो. खाली बंदरात मोठी बोट लागत होती, ती बघायला वर आलो, असं त्यांनी मला सांगितलं. मला ते पटलं. पण पुढच्या आठवड्यात मोबाइल पुन्हा कोकलला, त्यानंतर पुन्हा, आणि दर वेळी संध्याकाळी, बाय ऑफिसातून सुटायच्या सुमारास. बंदरात दर वेळी बोट लागत नव्हती.

मी खोदून विचारलं तेव्हा मामांनी छातीवरची डबी झाकली.

"जावयबापू, आधी ती रविवारी फोन करायची. बाबा, बरे आहात ना? मी म्हणायचो, बरा हाय. संपलं. आता विचारते, काय खाल्लंत, कुठे निघाला होतात, दम कसा लागला. माणसाला बरं नसलं की बोलायला काहीतरी असतं."

त्यात खोटं काही नव्हतं. पण अशी चढण चढत एक दिवस हा माणूस तिथेच आडवा होईल हेही दिसत होतं. त्याच संध्याकाळी मी बायला फोन करून सगळं सांगितलं.

"मला माहीत आहे, भाऊजी," ती म्हणाली. "चढ चढल्याचंही दिसतं इथे. मी रोज आपणहून फोन करून पाहिला. बरा हाय म्हणून ठेवून देतात. आणि खरं सांगू, मलाही पुढे काही सुचत नाही. आमच्यामध्ये बोलायचं काम आईच करायची."

रजा काढून ती जयगडला आली. मी त्यांना भेटायला गेलो तर बाप-लेक ओटीवर बसले होते, दोघंही गप्प. शेवटी काहीतरी करायचं म्हणून बायने मोबाइल मामांपुढे धरला. पडद्यावर त्यांच्याच ठोक्यांची रेघ वरखाली धावत होती. मामा चष्मा लावून ती बघत राहिले, इंजिनाच्या काट्याकडे बघावं तसे.

"मी झोपलो की पण दिसतं?"

"दिसतं."

"मग तू कधी झोपतेस?"

तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मी त्या दिवशी पाहिली. मामांनीही बहुधा तेव्हाच पाहिली असावीत. त्यांनी तिच्या हातातला मोबाइल हळूच काढून घेतला, पालथा करून चटईवर ठेवला, आणि आत जाऊन स्वतः चहा टाकला. नको इतका गोड झाला होता. आम्ही तिघांनी तो पुरा प्यायला.

त्यानंतर मामा चढणीकडे फिरकले नाहीत. बाय रोज फोन करायची आणि मामा बोलायला शिकले. आज जेटीवर काय आलं, सुरमई कोणी नेली, कोणाच्या जाळ्यात नुसता कचरा आला, अशी सगळी बातमी ते तिला देत. बोलायला काही हवं म्हणून रोज सकाळी काठी टेकत सपाट वाटेने जेटीवर जात.

पावसाळा सरल्यावर एका संध्याकाळी माझा मोबाइल पुन्हा कोकलला. मामा परत चढले वाटतं, म्हणून मी आधी हसलो, आणि मग स्कूटर काढली. अंगणात शेजारी उभे होते. मामा ओटीवर, भिंतीला टेकून बसल्यासारखे. शेजारी म्हणाले, बायशीच बोलत होते. बोलता बोलता थांबले. एखाद्या मासळीचं नाव आठवत असतील, म्हणून तिकडे ती वाट बघत राहिली होती.

याला आता वर्ष होत आलं. बाय अधूनमधून त्याच वेळेला मला फोन करते. काम काहीच नसतं. थोडा वेळ इकडचंतिकडचं झालं की विचारते, "आज काय आलंय, भाऊजी?" मला मासळीतलं फारसं कळत नाही. म्हणून हल्ली ऑफिसला जाण्याआधी मी मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावरून एक चक्कर मारून येतो.