साकवाचा वैरी

आमच्या गावात पक्ष दोनच. तिसरा काढायला माणसंच उरली नव्हती. एकाचे म्होरके माझे बाबा, दुसऱ्याचे सरपंच. एक पूर्व म्हणाला की दुसरा पश्चिम म्हणणार, सूर्य कुठूनही उगवो.

मी सातवी झाले. पुढची शाळा कळंबला, ओढ्यापलीकडे. पावसाळ्यात ओढा दुथडी भरला की पोरींना कोण सोडणार? आईने सांगूनच टाकलं, "साकव झाला तर शाळा, नायतर भातलावणीला चल." लाकडी का होईना, ओढ्यावर छोटा पूल हवा होता. पंचायतीकडे पैसे आले होते, पण सरपंचांच्याच माणसांना त्यातून चावडीपुढच्या पिंपळाला पार बांधायचा होता.

ग्रामसभा भरली. मी खिडकीशी उभी. बाबा उठले आणि म्हणाले, "साकव कशाला? आमचे बापजादे काय उडत गेले? पारच बांधा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सख्खा बाप! पण बाबांनी पाराची बाजू घेतली म्हटल्यावर समोरची सगळी मंडळी साकवावर अडून बसली. हात वर झाले, साकव मंजूर. तरी माझा राग जाईना. बाबांचं ताट मी आदळूनच ठेवायची.

साकव बांधून झाला. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी सरपंच मागच्या दाराने आमच्याकडे आले, हातात नारळ.

"सकाळी मी फोडीनच. पन पयला तुज्या हातचा. तू नाय म्हनालास म्हनून माजी मानसं हो म्हनाली."

"बांधावर ठरलं तसंच केलं रं," बाबा म्हणाले. "माज्या पोरीची शाळा हाय."

"माजीबी पोरगी येत्या साली सातवी व्हईल."

"मग हळू बोल. कुनाला कळलं तर उद्याच मोडतील."

नारळ आमच्या पायरीवर फुटला. बाबांनी खोबऱ्याचा तुकडा माझ्यापुढे धरला. लाजेने मला त्यांच्याकडे बघवेना.

"भायेर बोलायचं नाय गं," ते म्हणाले.

पुढच्या निवडणुकीत बाबा पडले. सरपंचांच्या पक्षाच्या पोरांनी आमच्या भिंतीवर गेरूने लिहिलं होतं, 'साकवाचा वैरी'. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी ते पुसायला ओलं फडकं घेऊन निघाले. बाबांनी हात धरला.

"ऱ्हाऊ दे. तुला उशीर व्हईल."

मी दप्तर उचललं आणि साकवावरून शाळेत गेले.