आज कावून?

अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या बरगडीखाली बोटं रुतवली आणि म्हणाले, "वकीलसाहेब, लिव्हर सुजलंय. दारूनं. किती घेता?"

"कधीमधी," मी म्हणालो. शेजारी उभ्या असलेल्या माझ्या पत्नीनं, अनसूयेनं, मान खाली घातली.

मी खोटं बोलत नव्हतो. मला खरंच तसं वाटत होतं. या आजारात हेच अवघड आहे.

लिव्हर म्हणजे यकृत. दारू सोडवायला भरती व्हायचं होतं, पण खाट आठ दिवसांनी मिळणार होती. तोवर एकदम बंद करू नका, झटके येतील, असं डॉक्टरांनी बजावलं. "मात्र प्रत्येक पेल्याआधी, का घेतो ते बाईंना मोठ्यानं सांगायचं."

पहिल्या दिवशी सांगितलं, दावा हरलो. दुसऱ्या दिवशी, दावा जिंकलो. मग पाहुणे आले म्हणून, मग गेले म्हणून. रविवारी पेला हातात घेतला आणि कारणच सुचेना. अनसूया भाजी निवडत होती.

"सांगा ना," ती म्हणाली. "कोर्ट बंद हाये, घरात कोनी नाई. आज कावून?"

"काही कारण नाही," मी म्हणालो. तो पेला मी प्यालोच. पण आपण दारुडे आहोत हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

भरती झालो. तिसऱ्या दिवशी डिलिरियम झाला, म्हणजे भ्रम. भिंतीवरून मुंग्या अंगावर येताना दिसत. नर्सबाईंना अशील समजून मी तारखा देत होतो. पाचव्या दिवशी पेज पोटात टिकली.

तीन महिने बरे गेले. मग कामासाठी अकोल्याला गेलो. काम लवकर आटोपलं, परतीच्या गाडीला वेळ होता. आता तू बरा झालास, एकानं काय होतं, असं मनात आलं. तेव्हा ते अगदी खरं वाटलं. मी प्यालो.

घरी आल्यावर चपला काढायच्या आधी तिला सांगितलं.

"मले वास येयाच्या आंधी तुमी सोताहून सांगतलं, असं आजच झालं," ती म्हणाली. "उद्या डॉक्टरकडे जाऊ. मी येतो संगं."

त्याला सहा वर्षं झाली. तुमच्यापैकी कोणी या वाटेवर असेल तर सांगतो, 'एकानं काय होतं' हा विचार अजून येतो. आता तो ओळखू येतो, एवढंच. आला की आम्ही दोघं वडाळीच्या तलावाकडे चालत निघतो. नवराबायको जोडीनं फिरतात म्हणून लोक बघायचे. आता बघत नाहीत. अनसूया भराभर चालते, मला दम लागतो. काठावर पोहोचेपर्यंत तो विचार बहुधा गेलेला असतो. नाही गेला, तर आणखी एक फेरी मारतो.